भरलेली गाडी: कुटुंबासाठी एसयूव्ही निवडताना, सांभाळताना आणि घाटात नेताना

सोमवार ते शुक्रवार आमची गाडी कोथरूडहून खराडीला जाते, तेव्हा तिच्यात मी एकटी असते आणि शेजारच्या सीटवर लॅपटॉपची बॅग असते. तीच गाडी दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला निघते, तेव्हा तिच्यात आम्ही दोघे, दोन मुले, सासूबाई आणि डिकीचे दार दाबून लावावे लागेल इतके सामान असते. हिशेब केला तर या दोन गाड्यांत पावणेतीनशे किलोंचा फरक पडतो. एवढ्या वजनाने गाडी थांबायला जास्त अंतर लागते, चढावर इंजिनाचा जोर अपुरा पडतो, मागची बाजू बसते, दिव्यांचा झोत वर जातो आणि टायर अधिक तापतात. आपण मात्र गाडी पाहायला एकटे जातो, चालवून पाहतो तेही एकटे आणि तिच्यावर हात बसतो तोही एकट्यानेच. कुटुंबाच्या एसयूव्हीबाबत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ मला इथे दिसते. म्हणून निवड, निगा आणि प्रवास या तिन्ही बाबतींत भरलेली गाडी गृहीत धरून काय करावे, ते पुढे लिहिले आहे.

शोरूममध्ये सगळ्यांनी जावे

आज आपण सरसकट एसयूव्ही म्हणतो त्या बहुतेक गाड्या मुळात क्रॉसओव्हर आहेत. १९९४ साली आलेली टाटा सुमो किंवा १९९८ सालची पहिली सफारी यांची बॉडी वेगळ्या चेसिसवर बसवलेली होती आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळत असे. क्रॉसओव्हरमध्ये साध्या मोटारीप्रमाणे बॉडी आणि सांगाडा एकच असतो आणि बहुतेक वेळा ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. त्यामुळे ती शहरात हलकी वाटते, ॲव्हरेज बरे देते आणि वळणावर कमी डुलते. पण उंच दिसते म्हणून ती वाळूतून किंवा चिखलातून निघेल, असे समजू नये. गाडी भरली की आणखी एक गोष्ट घडते. वजन मागे गेल्याने पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या, उभ्या चढावर नेमकी तीच चाके जागच्या जागी फिरू लागतात. कोकणात समुद्रकिनाऱ्यावर गाडी उतरवून ती वाळूत रुतल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. भरती कोणासाठी थांबत नाही, म्हणून गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवून किनाऱ्यावर पायी जावे.

गाडी निवडताना पहिली परीक्षा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाने घ्यावी. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या साडी नेसतात. आम्ही त्यांना बरोबर घेऊन तीन गाड्या पाहिल्या. पहिल्या गाडीत दाराखालची चौकट इतकी रुंद होती, की त्यांना आधी एक पाय लांबवर आत टाकावा लागला आणि निऱ्या चौकटीला घासल्या. दुसऱ्या गाडीची सीट उंच असल्याने त्यांना वरचे हँडल धरून स्वतःला ओढून घ्यावे लागले. तिसऱ्या गाडीच्या सीटची कड त्यांच्या कमरेच्या किंचित खाली आली. त्या आधी पाठमोऱ्या टेकल्या आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळल्या. सनरूफ आणि मोठा स्क्रीन तिन्ही गाड्यांत होता, पण आमचा निर्णय त्या क्षणी झाला.

त्यानंतर मागच्या सीटवर खरोखरच तिघांना बसवून पाहावे. मधल्या माणसाला डोके टेकायला जागा आहे का, त्याचा पट्टा खांद्यावरून येणारा आहे की नुसता कमरेचा, मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक हाताला सहज लागतात का, हे तिथेच तपासावे. सात सीटच्या गाडीची तिसरी रांग पाहायची असेल, तर ती उघडल्यावर डिकीत काय उरते तेही पाहावे. बऱ्याच गाड्यांत दोन पिशव्यांपेक्षा जास्त काही मावत नाही. लिटरमध्ये दिलेल्या आकड्यावरून डिकीचा अंदाज येत नाही, म्हणून घरातल्या दोन मोठ्या बॅगा रिकाम्याच सोबत न्याव्यात आणि ठेवून पाहाव्यात. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, पेट्रोल असल्यास १२०० सीसी आणि डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यामुळे छोट्या एसयूव्हीची किंमत आकर्षक वाटते, पण चार मीटरांत बसवण्यासाठी जी लांबी कमी केली जाते, ती बहुधा डिकीतूनच जाते. चौघांचे कुटुंब असेल तर ते चालते. आजी-आजोबा नेहमी बरोबर येणार असतील, तर माझ्या मते थोडी लांब गाडी घेणे बरे.

टेस्ट ड्राइव्हसाठी शोरूमभोवतीचा सपाट फेरा पुरेसा नाही. घरातले चार-पाच जण बसवून चढावर जाण्याचा आग्रह धरावा. दक्षिण पुण्यात राहणाऱ्यांना कात्रजचा जुना घाट त्यासाठी उत्तम आहे आणि हडपसरच्या बाजूला दिवे घाट आहे. दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून, वळणावरून बाहेर पडताना गाडी उचल घेते की इंजिन नुसता आवाज करते, ते पाच मिनिटांत कळते. टर्बो नसलेले १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन साधारण ११० ते ११५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, देते, आणि तोही इंजिन बऱ्यापैकी वेगाने फिरू लागल्यावर, १.५ लिटरचे डिझेल इंजिन सुमारे २५० न्यूटन मीटर देते आणि ते कमी फेऱ्यांवरच मिळते. भरलेल्या गाडीतून वारंवार कोकणात उतरणाऱ्यांना हा फरक प्रत्येक घाटात जाणवतो.

असे असले तरी डिझेल सगळ्यांसाठी नाही. बीएस-६ या प्रदूषण-निकषाच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो आणि साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी त्याला तापावे लागते. कोथरूड ते डेक्कन अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो कधीच पुरेसा तापत नाही, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि दुर्लक्ष केल्यास खर्चिक काम निघते. ज्यांचे रोजचे अंतर कमी आहे त्यांनी पेट्रोल किंवा हायब्रिड घ्यावी. डिझेल घेतलीच असेल, तर आठवड्यातून एकदा बाह्यवळणावरून वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी न्यावी. सीएनजीची टाकी डिकीची जागा घेते, हे सामानवाल्या कुटुंबाने विसरू नये.

सोसायटीतले पार्किंग आधी मोजावे, कारण यांत्रिक पार्किंगच्या ट्रेला उंचीची आणि वजनाची मर्यादा असते आणि तिच्यात कित्येक एसयूव्ही बसत नाहीत. सुरक्षिततेसाठी भारत एनकॅपचे, म्हणजे गाड्यांच्या धडक चाचणीत मिळालेले, तारे पाहावेत. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या या योजनेत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगळे तारे दिले जातात आणि दोन्ही पाहणे गरजेचे आहे.

टायर आणि स्टेपनी

चालकाचे दार उघडल्यावर चौकटीवर एक छोटे स्टिकर दिसते. त्यावर टायरमधल्या हवेचे दोन आकडे असतात, एक नेहमीच्या वजनासाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. भरलेल्या गाडीचा आकडा, विशेषतः मागच्या चाकांसाठी, काही पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) जास्त असतो आणि हा दुसरा आकडा फार थोडे लोक वाचतात. हवा कमी असेल तर टायरची कड सतत वाकत राहते, त्यातून उष्णता निर्माण होते, आणि उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास वेगाने धावताना तो टायर फुटू शकतो. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून शिर्डीमार्गे विदर्भात गाडीने जाणारे पुणेकर वाढले आहेत. त्या सरळ, वेगवान रस्त्यावर निघण्यापूर्वी तर हवा तपासलीच पाहिजे.

हवा नेहमी थंड टायरमध्ये, म्हणजे सकाळी निघतानाच भरावी. शंभर किलोमीटर गेल्यानंतर पंपावर मोजली तर आकडा तीन-चारने जास्त दिसतो. तो उष्णतेमुळे वाढलेला असतो, म्हणून त्या वेळी हवा काढू नये. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा इन्फ्लेटर घरी असला, की हे काम पार्किंगमध्येच होते. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या कोरलेली असते; पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनंतर रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली, की कायद्यानेही टायर बाद होतो, पण पावसाळ्यात घाटात जाणाऱ्याने ३ मिलिमीटरलाच तो बदलावा.

स्टेपनीबाबत आम्हाला आलेला अनुभव सविस्तर सांगते, कारण तो कोणालाही येऊ शकतो. पाटण सोडून कोयनेच्या बाजूला जाताना संध्याकाळी सहाच्या सुमारास मागचा डावा टायर बसला. गाडी कडेला घेतली, मुलांना आणि सासूबाईंना रस्त्यापासून दूर एका आंब्याखाली बसवले, डिकीतले सगळे सामान काढून स्टेपनी बाहेर काढली आणि पाना लावला. पण नट हलेना. आदल्या महिन्यात एका दुकानात टायर रोटेशन करून घेतले होते आणि तिथे हवेच्या गनने नट इतके आवळले होते, की गाडीसोबत आलेल्या आखूड पान्यावर यांनी उभे राहून पाहिले तरी पाना फक्त वाकला. पाऊण तासाने एक ट्रक थांबला, त्याच्या चालकदादांनी हातभर लांबीचा पाना आणला आणि पाचही नट कर्रकन सुटले. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून टायरचे कोणतेही काम झाले, की त्याच दिवशी पार्किंगमध्ये मी पाचही नट एकदा हाताने सोडवून पुन्हा आवळते आणि डिकीत लांब दांड्याचा क्रॉस पाना ठेवते. नट नेहमी चाक जमिनीवर असताना सैल करावेत, मग जॅक लावावा. पुन्हा आवळताना एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत. बऱ्याच नव्या गाड्यांची स्टेपनी मूळ चाकापेक्षा अरुंद असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचण्यापुरतीच आहे. स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा मोजावी.

ब्रेक ऑइल, कुलंट आणि विमा

वर्षभराची सर्व्हिसिंग वेळापत्रकाप्रमाणे होतच असते, पण ब्रेक ऑइलकडे वेगळे लक्ष द्यावे. ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की कमी तापमानाला उकळू लागते. शहरात त्याचा पत्ता लागत नाही. लांब घाट उतरताना मात्र ब्रेक तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. किलोमीटर कमी झाले असले तरी दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी इंजिन थंड असतानाच बघावी आणि गाडी तापलेली असताना झाकण कधीही उघडू नये. वायपरची रबरे मे महिन्यात बदलावीत, कारण जूनमध्ये उशीर झालेला असतो.

विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी. पुण्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीकाठच्या सोसायट्यांच्या तळघरांत पाणी शिरते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत हे सर्वांनी पाहिले. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विम्यात त्याची भरपाई मिळणे कठीण होते. अशा वेळी किल्लीला हात न लावता गाडी टो करून न्यावी.

सामान कसे भरावे

जड सामान खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवावे, हलके वर आणि दाराकडे. पाण्याचे कॅन, तांदळाची पिशवी, परतीच्या प्रवासातली आंब्याची पेटी यांची जागा सीटच्या पाठीशीच. सीटच्या पाठीपेक्षा उंच रास लावली तर जोरात ब्रेक दाबल्यावर वरची बॅग मागच्यांच्या डोक्यावर येते. मागच्या काचेखालच्या फळीवर छत्री, डबा, स्टीलची बाटली असे काहीही ठेवू नये. छतावर कॅरिअर लावायचा असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेली वजनाची मर्यादा पाहावी. ती बहुधा ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असते आणि त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही येते. उंच गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर असतो, तो आणखी वर नेला की घाटातल्या प्रत्येक वळणावर गाडी जास्त कलते. म्हणून छतावर फक्त चटया, स्लीपिंग बॅगा, कपडे असे हलके सामान न्यावे. स्टेपनी, जॅक आणि धोक्याचा त्रिकोण काढण्यासाठी सगळे सामान उपसावे लागू नये, म्हणून निदान त्रिकोण आणि पाना तरी बाजूच्या कप्प्यात ठेवावा. हे मी पाटणला शिकले.

सामान भरून झाले, की स्टिअरिंगच्या उजवीकडचा दिव्यांचा नॉब फिरवावा. त्यावर शून्यापासून तीन-चारपर्यंत आकडे असतात. मागची बाजू बसल्याने झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत थेट पडतो. आकडा वाढवला की झोत खाली येतो. ज्या गाड्यांत हे आपोआप होते, त्यांत हा नॉब नसतो. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाचे जमिनीपासूनचे अंतर, हेही कमी होते. पत्रकातला १८० ते २१० मिलिमीटरचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, त्यामुळे गावातल्या उंच गतिरोधकावर भरलेल्या गाडीचे पोट घासते. अशा ठिकाणी गाडी अगदी थांबल्यासारखी करून न्यावी आणि गतिरोधकावर असताना ब्रेक सोडावा.

घाट

पुणेकराची सहल कोणत्याही दिशेला निघाली तरी बहुधा घाटातूनच जाते. ताम्हिणी, वरंधा, पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, माळशेज यांची नावे घरातल्या मुलांनाही पाठ असतात. चढताना काळजी इंजिनाची असते, उतरताना ब्रेकची, आणि यांत उतार अधिक धोक्याचा आहे.

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना पहिल्याच वर्षी मागून मुलगी म्हणाली, “आई, काहीतरी जळतंय.” मला वाटले समोरच्या ट्रकचा वास असेल. दोन वळणे गेली तरी वास कायम होता, म्हणून रुंद जागा पाहून थांबले आणि उतरून पाहिले, तर आपल्याच पुढच्या चाकांमधून वास येत होता, तापलेल्या लोखंडाचा आणि जळक्या रबराचा मिळून. ऑटोमॅटिक गाडी डी-मध्ये ठेवून मी अर्धा घाट ब्रेकवर पाय टेकवूनच उतरले होते. अर्धा तास तिथे थांबलो, आणि ब्रेक गार होईपर्यंत मी पुस्तिका उघडून मॅन्युअल मोडचे पान वाचले. ते पान घरी वाचायला हवे होते.

ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे एसटीचे जुने चालक सांगतात आणि ते शब्दशः खरे आहे. उतार सुरू होण्यापूर्वी दुसरा किंवा तिसरा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्स सीव्हीटी प्रकारचा असेल तर एल किंवा एस, आणि टॉर्क कन्व्हर्टर, डीसीटी किंवा एएमटी प्रकारचा असेल तर मॅन्युअल मोड वापरावा. इंजिनाचा आवाज वाढतो, त्याने काही बिघडत नाही. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नये. वेग वाढला की ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि पूर्ण सोडावा, म्हणजे मधल्या काळात डिस्कला वारा लागतो. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये, कारण डिस्क वाकडी होते. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे तर पूर्ण टाळावे. तसे केल्याने इंधन फारसे वाचतही नाही, कारण गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजची इंजिने इंधन आपोआप बंद करतात. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते आणि पेडल दगडासारखे होते.

चढताना अरुंद जागी समोरून गाडी आली, तर वर जाणाऱ्याला आधी वाट मिळते आणि उतरणाऱ्याने थांबायचे असते. हा वाहतुकीचा नियम आहे. एसटीला हेअरपिनसारख्या वळणावर रस्त्याची पूर्ण रुंदी लागते, म्हणून ती वळणावर दिसली की आधीच मागे थांबावे. आंधळ्या वळणावर दिवसा हॉर्न आणि रात्री अप्पर-डिप्पर द्यावे. डीसीटी गाडी चढावर रांगेत अडकली, तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, त्याने क्लच तापतो. ब्रेक दाबून थांबावे आणि समोर दोन गाड्यांचे अंतर झाले की एकदम पुढे जावे.

ओव्हरटेकबाबत मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. एकटी असताना ज्या अंतरात ट्रक सहज मागे टाकता येतो, त्याच्या दुप्पट रस्ता मोकळा दिसल्याशिवाय भरलेली गाडी उजवीकडे काढायची नाही. पाटण ते चिपळूण रस्त्यावर यामुळे वीस मिनिटे जास्त लागतात.

नकाशाचे ॲप जवळचा रस्ता म्हणून कधीकधी अशा गल्लीत नेते, जिथून भरलेली गाडी वळवतासुद्धा येत नाही. अशा वेळी गावात विचारावे, की एसटी कोणत्या रस्त्याने येते. ज्या रस्त्याने एसटी जाते, तो रस्ता आपल्या गाडीलाही पुरेसा असतो. ताम्हिणीत मोबाइलची रेंज बराच वेळ नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि इंधन पिरंगुट-पौड भागातच भरावे.

पाऊस आणि धुके

जुलैत ताम्हिणीत धुके इतके दाट असते, की बॉनेटपुढचे काही दिसत नाही. तेव्हा अप्पर लावल्यास पांढरी भिंतच समोर उभी राहते. डिप्पर आणि फॉग लॅम्प पुरतात. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची चुकीची सवय आपल्याकडे रुजली आहे. त्यामुळे आपण वळणार आहोत की थांबलो आहोत हे मागच्याला कळत नाही. ते दिवे फक्त थांबलेल्या गाडीसाठी आहेत. काचा आतून धुरकट झाल्या तर एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडावी. रस्त्यावर साचलेल्या पाण्यात वेगाने गेल्यास टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलके लागते. तेव्हा ब्रेक न दाबता फक्त ॲक्सिलरेटर सोडावा. वेग आपोआप कायम ठेवणारा क्रूझ कंट्रोल पावसात बंद ठेवावा. ओढ्याचे पाणी पुलावरून वाहत असेल, तर खोली कितीही कमी वाटली तरी गाडी घालू नये, मागे फिरावे. वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीसाठी अनेकदा बंद असतो, म्हणून भोरमार्गे निघण्यापूर्वी चौकशी करावी.

माणसांची काळजी

मागच्या सीटवरही पट्टा बंधनकारक आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. दंडापेक्षा महत्त्वाचे हे, की पट्टा नसलेले माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळते आणि पुढच्यालाही जखमी करते. बाळाला पुढे मांडीवर घेऊन बसू नये. एअरबॅग फुगते तेव्हा मध्ये बाळ असते. आमच्याकडे सासूबाई पूर्वी पट्ट्याने साडी चुरगळते म्हणत असत. कमरेचा पट्टा पोटावरून न घेता खाली कमरेच्या हाडावरून घेऊन पाहिला, तेव्हा तो त्यांना टोचेनासा झाला, आणि आता त्याच मुलांना आठवण करून देतात.

उंच गाडी डुलते, म्हणून मुलांना गाडी लागते. घाटापूर्वी तासभर भरपेट खाऊ देऊ नये. दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, चुरमुरे असे कोरडे थोडेसे पुरते, आणि आलेपाकाची वडी जवळ ठेवावी. मोबाइल आणि पुस्तक घाटात बंद, नजर समोरच्या रस्त्यावर, काच बोटभर उघडी. चालकाचे कामही यात आहे. वळणाआधी वेग कमी करून वळणातून सावकाश बाहेर पडले, तर मागे बसलेल्यांचे पोट ढवळत नाही. दर दोन तासांनी सर्वांनी उतरावे, वयस्करांनी चार पावले चालावे, पाय सुजत नाहीत.

साताऱ्याच्या बाजूला निघायचे असेल तर पहाटे पाचला स्वारगेट-कात्रज ओलांडावे. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळतो. कोल्हापूर रस्त्यावरचे खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे नाके त्यात येतात, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर तो चालत नाही, म्हणून फास्टॅगमध्ये वेगळी शिल्लक ठेवावी. अडचणीत राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर कशासाठीही ११२ लावावा.

परत आल्यावर

परतीचा शेवटचा टप्पाच जपून पार करावा. साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतरचा उतार आणि वळण, आणि घर दिसू लागल्यावर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार, या दोन्ही ठिकाणी अपघातांचा इतिहास आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली होती. तिथे फलकावरची वेगमर्यादा पाळावी, गिअर खाली घ्यावा, मागून येणाऱ्या मालट्रकवर आरशातून लक्ष ठेवावे आणि शक्यतो त्याच्यापुढे अडकून राहू नये. चालक दिवसभराचा थकलेला असेल, तर खेड-शिवापूरच्या आधी थांबून चहा घ्यावा आणि दुसऱ्याने गाडी घ्यावी.

कोकणातून आल्यावर दोन दिवसांत गाडी खालून धुऊन घ्यावी. खारे पाणी आणि वाळू चाकांच्या कमानीत, ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर आणि सायलेन्सरच्या सांध्यांत बसते, आणि वरून गाडी कितीही चकचकीत दिसली तरी गंज तिथूनच धरतो. धुणाऱ्याला चाकांच्या आत पाण्याचा जोर मारायला सांगावे आणि नंतर ब्रेक कोरडे होण्यासाठी गाडी थोडी चालवून आणावी. डिकीत सांडलेली वाळू, सोलकढीचा डाग, ओले टॉवेल त्याच दिवशी काढावेत. सोमवारी सकाळी, ऑफिसला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मागच्या चाकांतली जादा भरलेली हवा स्टिकरवरच्या पहिल्या आकड्यापर्यंत कमी करावी आणि दिव्यांचा नॉब पुन्हा शून्यावर आणावा.